विश्लेषण : रास्पबेरी पायवर अक्षरांचा कचरा का दिसतो? ‘बॉड’ला नाव देणारे एमिल बोदो कोण होते?

रास्पबेरी पायला जीपीएस मॉड्यूल जोडले, वायरी लावल्या, टर्मिनल उघडले आणि अक्षांश-रेखांशाऐवजी स्क्रीनवर प्रश्नचिन्हे, चौकोन आणि अगम्य खुणा धावू लागल्या. कॉलेजच्या प्रोजेक्टपासून घरच्या प्रयोगांपर्यंत हा अनुभव बहुतेकांना एकदा तरी येतो. अशा वेळी जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारतो तो बॉड रेटचा. मॉड्यूल ९६०० ला बोलत असते आणि पायवर ११५२०० निवडलेले असते. आकडा बदलला की डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या नीटनेटक्या ओळी दिसू लागतात.

काम झाले की आपण पुढे जातो. ‘बॉड’ हा शब्द कुठून आला, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही. तो एका माणसाच्या नावाचा तुकडा आहे. फ्रान्सच्या तारखात्यातील या कर्मचाऱ्याचे शालेय शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतेच होते. एका तारेच्या दोन टोकांना वेळेबाबत एकमत करायला लावणे, हा प्रश्न त्याने दीडशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला. टर्मिनलमध्ये बॉड रेट निवडताना आपण याच प्रश्नाचे उत्तर भरत असतो.

शेतकऱ्याचा मुलगा तारखात्यात कसा आला?

जाँ-मॉरिस-एमिल बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी ईशान्य फ्रान्समधील ओत-मार्न विभागातल्या मान्यो या लहानशा गावात झाला. (नावातील शेवटच्या ‘टी’चा उच्चार फ्रेंचमध्ये होत नाही, म्हणून बोदो.) वडील शेतकरी. प्राथमिक शाळा संपल्यावर एमिल घरच्या शेतीतच राबत होते. १८६९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आसपास, ते सरकारी तारखात्यात शिकाऊ म्हणून लागले. तंत्रशिक्षणाची पदवी नाही की विज्ञानाची पार्श्वभूमी नाही.

खात्याने त्यांना आधी मोर्सचे ‘कड-कट्ट’ शिकवले आणि मग चार महिन्यांसाठी ह्यूज यंत्राच्या प्रशिक्षणाला पाठवले. त्यांचे पुढचे सगळे काम या चार महिन्यांतून निघाले. मधे १८७० चे फ्रान्स-प्रशिया युद्ध आले, त्यात त्यांनी काही काळ लष्करात काम केले. १८७२ मध्ये ते पॅरिसला आपल्या टेबलावर परतले.

रिकाम्या तारेचा प्रश्न काय होता?

डेव्हिड ह्यूज यांचे यंत्र त्या काळातले नवलच होते. ते ठिपके-रेघांऐवजी थेट अक्षरे छापायचे. दोन्ही टोकांना अक्षरे कोरलेले एकेक चाक सारख्या वेगाने फिरत असे. पाठवणाऱ्याने कळ दाबली की तारेतून विजेचा एकच ठोका जाई. तो ठोका कोणत्या क्षणी पोहोचला, त्यावरून पलीकडे अक्षर ठरत असे.

बोदो यांना यात एक गोष्ट खटकली. ठोका क्षणाचा, पण त्याची वाट पाहण्यात तार बराच वेळ रिकामी पडून राहायची. शेकडो किलोमीटर तांब्या-लोखंडाची तार, खांब, माणसे असा सगळा खर्च करून उभी केलेली वाहिनी बहुतांश वेळ गप्प बसत होती. त्या फटींमध्ये दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या माणसाचा संदेश बसवता आला तर?

अशी विभागणी करण्याचा प्रयत्न त्याच खात्यातील बर्नार्ड मेयर यांनी मोर्स लिपी वापरून केला होता. पण मोर्समध्ये प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी असते. इंग्रजीतला ‘ई’ एका ठिपक्यात संपतो, ‘क्यू’ला चार खुणा लागतात. वेळेचे समान वाटे पाडायचे असतील तर अक्षरेही समान मापाची हवीत. बोदो यांनी प्रत्येक अक्षरासाठी पाच खुणा ठरवल्या. प्रत्येक खूण ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी दोनच प्रकारची आणि सर्व खुणांना सारखाच वेळ. दोनचा पाचवा घात म्हणजे बत्तीस जोड्या. रोमन अक्षरे त्यात बसतात. आकडे आणि चिन्हांसाठी त्यांनी एक ‘बदल’ खूण ठेवली. ती आली की त्याच जोड्यांचा अर्थ आकड्यांच्या तक्त्यातून घ्यायचा, आणि अक्षरांची खूण आली की पुन्हा मूळ तक्त्यावर यायचे.

पाच खुणांची कल्पना पूर्णपणे त्यांची नव्हती, हेही सांगायला हवे. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी १८३० च्या दशकात तशी संकेतावली वापरून पाहिली होती. बोदो यांचे योगदान म्हणजे समान मापाची अक्षरे, छपाई आणि वेळेची वाटणी या तीन गोष्टी त्यांनी एका चालत्या यंत्रात एकत्र आणल्या. खात्याने त्यांना उत्तेजन दिले, पण त्यासाठी पगारी वेळ दिला नाही. दिवसभराची ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या वेळात त्यांनी हे काम केले. १७ जून १८७४ रोजी त्यांनी पेटंट घेतले आणि १८७५ मध्ये खात्याने ही पद्धत स्वीकारली.

पाच कळांचा पियानो कसा चालायचा?

बोदो यंत्राच्या कीबोर्डला फक्त पाच कळा होत्या. दोन डाव्या हाताच्या बोटांसाठी, तीन उजव्या हाताच्या. अक्षर टाइप करायचे म्हणजे पियानोवर सूर धरावा तशा योग्य कळा एकदम दाबायच्या. बत्तीस जोड्या बोटांना पाठ हव्यात.

पण खरी कसोटी लयीची होती. प्रत्येक टोकाला एक ‘वितरक’ असे. वितरक म्हणजे तुकड्यांत विभागलेली धातूची वर्तुळाकार पट्टी आणि तिच्यावरून फिरणारा ब्रश. समजा चार माणसे एका तारेवर काम करत आहेत. ब्रश पहिल्याच्या पाच तुकड्यांवरून जाताना तार पहिल्याची, पुढच्या पाच तुकड्यांवर दुसऱ्याची, असे चक्र चाले. दाबलेल्या कळा ब्रश येऊन जाईपर्यंत अडकून राहत आणि नंतर ‘टक’ असा आवाज करून सुटत. तो आवाज म्हणजे पुढचे अक्षर दाबण्याची सूचना. उशीर झाला तर त्या फेरीतली जागा हुकली.

ब्रश मिनिटाला साधारण १८० फेऱ्या घेई. म्हणजे प्रत्येकाला सेकंदाला तीन अक्षरे, मिनिटाला सुमारे तीस शब्द. चौघे बसले तर एकाच तारेतून १२० शब्द. गिरणीतला कामगार यंत्राच्या गतीने चालतो तसे हे तारमास्तर ब्रशच्या गतीने चालत. या कामाचा शीण कसा असेल, याची कल्पना करता येते.

घड्याळे जुळली नाहीत तर?

सगळा डोलारा एका अटीवर उभा होता. पॅरिसमधला ब्रश ज्या क्षणी तिसऱ्या माणसाच्या दुसऱ्या तुकड्यावर असेल, त्याच क्षणी बोर्दोमधला ब्रशही तिथेच हवा. जरा मागे-पुढे झाले की एकाची खूण दुसऱ्याच्या जागी पडणार आणि कागदाच्या पट्टीवर निरर्थक अक्षरे छापली जाणार. दोन यंत्रे हुबेहूब सारख्या वेगाने कधीच फिरत नाहीत. म्हणून बोदो यांनी वर्तुळाचे काही तुकडे संदेशासाठी न वापरता दुरुस्तीसाठी राखून ठेवले. एक टोक मुख्य. त्याच्याकडून प्रत्येक फेरीत दुरुस्तीचा ठोका जाई आणि दुसरे टोक आपली चाल त्याच्याशी जुळवून घेई.

पायवर दिसणारा कचरा याच जातीचा आहे. फरक एवढाच की आजच्या सीरियल पोर्टमध्ये सतत चालणारा दुरुस्तीचा ठोका नसतो. ती पद्धत नंतर अमेरिकेतील टेलिप्रिंटरवाल्यांनी बदलली. शिकागोचे चार्ल्स क्रम आणि त्यांचा मुलगा हॉवर्ड यांनी ‘सुरू-थांब’ पद्धत व्यवहारात आणली. प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘स्टार्ट’ खूण आणि शेवटी एक ‘स्टॉप’ खूण. स्टार्ट दिसली की ऐकणाऱ्याने आपले घड्याळ शून्यावर आणायचे आणि ठरलेल्या अंतराने, प्रत्येक बिटच्या मध्यावर, तारेवर काय आहे ते पाहायचे. पायवरील सीरियल पोर्ट आजही हेच करतो.

९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो, ११५२०० ला फक्त ८.७ मायक्रोसेकंद. पाठवणारा ९६०० वर आणि ऐकणारा ११५२०० वर असेल तर एका बिटच्या जागी ऐकणाऱ्याला बारा बिट दिसतात. म्हणून कचरा. पण गोंधळ व्हायला एवढा मोठा फरकही लागत नाही. आठ बिटच्या अक्षरात शेवटच्या बिटपर्यंत चूक साठत जाते आणि दोन्ही घड्याळांत मिळून साधारण पाच टक्क्यांचा फरक पडला की ऐकणारा बिटच्या कडेबाहेर पाहू लागतो. व्यवहारात दोन-तीन टक्क्यांच्या आत राहावे लागते.

रास्पबेरी पाय ३ पासून अनेकांना याचा फटका बसला. या बोर्डावर दोन सीरियल यंत्रणा आहेत. त्यातील चांगली, ‘पीएल०११’ नावाची, ब्लूटूथकडे दिलेली असते आणि बाहेरच्या पिनांच्या वाट्याला ‘मिनी यूएआरटी’ येते. मिनी यूएआरटीचा बॉड रेट प्रोसेसरच्या कोअर क्लॉकवरून ठरतो. कामाच्या ताणानुसार तो क्लॉक कमी-जास्त झाला की बॉडही सरकतो. सेटिंग बरोबर, वायरी बरोबर, तरी मधूनच अक्षरे बिघडतात ती यामुळे. बोदो यांच्या भाषेत सांगायचे तर ब्रशची गती बदलली. उपाय दोन आहेत. बूट करताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग फाइलमध्ये यूएआरटी सुरू करण्याचा पर्याय १ करावा, म्हणजे कोअर क्लॉक स्थिर ठेवला जातो. किंवा ब्लूटूथ नको असेल तर ते बंद करून पीएल०११ पिनांकडे परत घ्यावी.

एक सापळा मात्र लक्षात ठेवावा. पोर्ट तपासायला टीएक्स आणि आरएक्स या पिना एकमेकींना जोडून पाहतात. टाइप केलेले अक्षर परत आले की पोर्ट ठीक, असा निष्कर्ष निघतो. पोर्ट जिवंत आहे एवढेच त्यातून कळते. बॉडची चूक या चाचणीत कधीच सापडत नाही, कारण बोलणारे आणि ऐकणारे घड्याळ एकच असते.

शोध नेमका कोणाचा?

बोदो यांची पद्धत १२ नोव्हेंबर १८७७ रोजी पॅरिस-बोर्दो मार्गावर सुरू झाली. त्याच वर्षअखेर पॅरिस-रोम या सुमारे १७०० किलोमीटरच्या मार्गावरही ती चालू लागली. १८७८ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. पण याच काळात बोदो कोर्टाच्या पायऱ्याही चढत होते.

लुई व्हिक्टर मिमो हाही तारखात्यातला कर्मचारी. १८७४ मध्ये त्याने पाच स्वतंत्र तारा वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. खात्याने ते नाकारल्यावर त्याने मेयर यांच्या पद्धतीतील काही भाग घेऊन सुधारित यंत्राचे नवे पेटंट घेतले. खात्याने तेही नाकारले. या नव्या पेटंटच्या काही आठवडे आधी बोदो यांचे पेटंट दाखल झालेले होते. १८७७ मध्ये मिमोने बोदो यांच्यावर दावा ठोकला. न्यायालयाने खात्याबाहेरच्या तीन तज्ज्ञांचे मत घेतले आणि निकाल मिमोच्या बाजूने दिला. संकेतावलीचा पहिला मान मिमोचा, बोदो यांची पेटंट म्हणजे त्यावरील सुधारणा, असे ठरले. दोघांनाही हा निकाल पटला नाही. पुढे तो फिरवला गेला आणि खटल्याचा सगळा खर्च मिमोच्या माथी आला.

इथे प्रकरण संपायला हवे होते. पण मिमो खचला होता. त्याने पेटंटला खास कायद्याने मुदतवाढ, एक लाख फ्रँक आणि ‘लिजन ऑफ ऑनर’ किताब अशी मागणी केली. तारखात्याच्या संशोधन विभागाचे प्रमुख ज्यूल रेनो यांच्या समितीने ती फेटाळली. ते कळल्यावर मिमोने रेनो यांना गोळी घालून ठार केले. ही घटना १८८८ ची. त्याला दहा वर्षे सक्तमजुरी आणि वीस वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली.

बोदो या हत्येत कुठेच नव्हते. पण पाच खुणांच्या या संकेतावलीमागे एक खून, एक उद्ध्वस्त सहकारी आणि पहिल्या फेरीत बोदो यांच्या विरोधात गेलेला निकाल आहे. ‘एकट्या प्रतिभावंताची झेप’ अशी बोदो यांची कथा सांगताना हा भाग सहसा गाळला जातो. एकाच खात्यात, एकाच प्रश्नावर, पगार न घेता दोन माणसे झटत होती. खात्याने एकाला जवळ केले. बोदो यांचे यंत्र सरस होते, हे पुढच्या वापराने दाखवले. पण मिमोचा दावा अगदीच पोकळ होता, असे म्हणता येत नाही.

पुढे बोदो यांचे काय झाले?

खात्यात ते वर चढत गेले. १८८२ मध्ये निरीक्षक-अभियंता हे पद मिळाले. पदवी नसलेल्या माणसासाठी ही मोठी झेप होती. १८९० मध्ये त्यांचे लग्न झाले. १८९४ मध्ये त्यांनी ‘पुनःप्रेषक’ यंत्राच्या साह्याने पॅरिस आणि मिलानचे शेअर बाजार एका तारेने जोडले. लांबच्या प्रवासात थकलेला ठोका मधल्या ठिकाणी ताजा करून पुढे ढकलायचा, ही त्यामागची युक्ती. पद्धत फ्रान्सबाहेर इटली, ब्रिटन आणि इतर देशांत पसरली. भारतीय तारखात्यातही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्दळीच्या मार्गांवर बोदो यंत्रे होती.

प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. तारखात्यात लागल्यानंतर लवकरच दुखणी सुरू झाली होती आणि ती शेवटपर्यंत राहिली. एकदा तर महिनाभर कामावर येता आले नव्हते. दिवसा नोकरी आणि रात्री यंत्र, हा दिनक्रम त्याला किती कारणीभूत होता हे ठरवणे अवघड आहे. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो येथे त्यांचे निधन झाले. वय ५७.

त्याआधीच, १९०१ मध्ये, न्यूझीलंडचे डोनाल्ड मरे यांनी संकेतावलीची मांडणी बदलली होती. पाच कळांऐवजी टाइपरायटरसारखा कीबोर्ड आणि छिद्रे पाडलेली पट्टी आली. माणसाने ब्रशची लय सांभाळण्याची गरज संपली. ‘ओळीच्या सुरुवातीला जा’ आणि ‘खालच्या ओळीवर जा’ या दोन वेगळ्या खुणाही मरे यांच्या संकेतावलीतून आल्या. पायच्या टर्मिनलवर मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा तिरका उतरत गेला, तर यापैकी पहिली खूण पाठवायची राहिली आहे, असे समजावे.

‘बॉड’ हे नाव कधी पडले?

बोदो यांच्या निधनानंतर दोन दशकांहून अधिक काळाने, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आंतरराष्ट्रीय तारतज्ज्ञांनी संदेशवेगाच्या एककाला त्यांच्या नावावरून ‘बॉड’ म्हणायचे ठरवले. एका सेकंदात तारेवर जितक्या खुणा, तितके बॉड. चार माणसांच्या बोदो यंत्राचा हिशेब केला तर दुरुस्तीचे ठोके सोडून सेकंदाला साठ खुणा होतात. ११५२०० म्हणजे त्याच्या जवळपास दोन हजार पट.

बॉड आणि ‘बिट प्रतिसेकंद’ एकच, असे सर्रास म्हटले जाते. पायच्या सीरियल पोर्टपुरते ते चालते, कारण तिथे एक खूण म्हणजे एक बिट. जुन्या डायल-अप मोडेममध्ये एका खुणेत अनेक बिट भरलेले असत, तिथे हे दोन आकडे वेगळे होतात.

बॉड जुळूनही काही दिसत नसेल तर?

कचरा दिसणे हे खरे तर चांगले लक्षण आहे, कारण वायर पोहोचली आहे. काहीच न दिसणे जास्त त्रासदायक. तेव्हा आधी जमिनीची वायर पाहावी. दोन्ही बोर्डांचे ग्राउंड जोडलेले नसेल तर ‘आहे’ आणि ‘नाही’ मोजायला समान पायाच उरत नाही. मग टीएक्स समोरच्या आरएक्सला गेली आहे ना ते पाहावे. पायवर या पिना अनुक्रमे ८ आणि १० क्रमांकाच्या. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टच्या आर्डुइनोची टीएक्स थेट लावली तर पिन कायमची जळू शकते. मधे लेव्हल कन्व्हर्टर हवा.

सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट अडकलेली असू शकते. सीरियल पोर्टवर लॉगिन कन्सोल चालू असेल तर पाय स्वतःच त्या तारेवर बोलत राहतो आणि मॉड्यूलचे उत्तर कन्सोल गिळून टाकतो. ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये लॉगिन शेलला ‘नाही’ आणि सीरियल हार्डवेअरला ‘हो’ असे निवडावे. परवानगी नाकारल्याचा संदेश आला तर आपले खाते ‘डायलआउट’ गटात नाही, असे समजावे.

आणि सर्व काही जुळूनही फक्त मराठी मजकूर बिघडत असेल, तर दोष बॉडचा नसतो. बोदो यांच्या बत्तीस जोड्यांत बाराखडी मावली नसती. आजच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘नमस्कार’ या शब्दात हलन्त आणि काना धरून सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट. ९६०० बॉडला ते सुमारे २२ मिलिसेकंदांत पोहोचतात. पण घेणारा प्रोग्राम प्रत्येक बाइट आला की लगेच त्याचे अक्षर करू पाहत असेल, तर इंग्रजी नीट दिसते आणि मराठीचा चुरा होतो. बाइट साठवून, पूर्ण ओळ आल्यावरच तिचे अक्षरांत रूपांतर करावे.